दोन गोण्या युरिया: माझ्या थायरॉइडच्या नोंदी

26 मे 2024, रविवार
वजन 91.0

ही वही मुलीच्या सांगण्यावरून सुरू केली. ती नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "बाबा, दुकानाचं साठा रजिस्टर रोज लिहिता, मग स्वतःचं का नाही?" असं म्हणाली. कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला नोंदीचा आळस सांगता येत नाही. बॅच नंबर, मुदत, शिल्लक हेच तर दिवसभर लिहीत असतो.

आजवरची हकीकत थोडक्यात. वर्षभर थकवा होता. गावाजवळच्या एका डॉक्टरकडे चार वेळा ताकदीची सलाईन लावली, इंजेक्शनं घेतली. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरी शंका आली ती या महिन्यात. वर्धा जिल्ह्यातला मे. पारा 45 ला टेकलेला, घरातली सगळी कूलरसमोर, आणि मी मागच्या खोलीत चादर अंगावर घेऊन पडलेलो. घरची म्हणाली, "अहो, हे काही बरोबर नाही." दुसऱ्या दिवशी तिनेच हिंगणघाटला नेलं. तिथल्या मॅडमनी नाडी पाहिली, 54. कोपराची कातडी पाहिली, पोट साफ होतं का विचारलं, आणि रक्त काढायला लावलं.

टीएसएच 42.6. असायला हवं साधारण 0.4 ते 4 च्या आत. मॅडमनी समजावलं ते असं. गळ्यातली ग्रंथी काम करेना, म्हणून मेंदूच्या खालची पिट्युटरी ग्रंथी तिला हाका मारते. टीएसएच म्हणजे ती हाक. ग्रंथी जितकी सुस्त, तितकी हाक मोठी. माझी हाक म्हणजे तर अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी. अँटी-टीपीओही (ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) वाढलेलं आहे, म्हणजे शरीराचीच फौज ग्रंथीवर चालून गेलेली. याला हाशिमोटो म्हणतात. 1912 मध्ये जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं.

गोळी लिव्होथायरॉक्सिन, 50 मायक्रोग्रॅम. सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही.

काटा आधी तपासला. दुकानातला पोत्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. युरियाची गोणी आता 45 किलोची येते, पूर्वी 50 ची होती. ती ठेवली तर 45.1 दाखवलं, पिशवीचं वजन धरून बरोबर. दुसरी ठेवली, 90.2. मग मी उभा राहिलो. दोन गोण्या युरिया आणि वर कपाशीची दोनेक पाकिटं, असा माझा हिशोब निघाला. पाकीट 475 ग्रॅमचं असतं. यापुढे घट पाकिटांत मोजायची ठरवली, किलोत मोजली की धीर सुटतो.

2 जून
वजन 91.2. फरक नाही. उलट वाढलं.

9 जून
दोन गोळ्या चुकल्या. मृगाची गर्दी. सकाळी सहालाच बियाण्यासाठी माणसं ओट्यावर येऊन बसतात. उठलो की पहिला हात चहाच्या कपाकडे जातो, मग आठवतं. चहा प्यायल्यावर घ्यावी की नाही या विचारात दुपार होते आणि विसरतो. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, त्या दिवशी आठवली तर घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दुप्पट करायची नाही.

23 जून
वजन 90.3

आज लाज वाटण्यासारखं काम केलं, तरी लिहितो.

मोबाईलवर वाचलं की पूर्ण मात्रा किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम. माझं वजन 90, म्हणजे 144. आणि मला दिलेत 50! एकरी मात्रा काढायची सवय असलेला माणूस मी. वाटलं, मॅडमनी अर्ध्याहून कमी डोस दिला, तण कसं जळणार? तीन दिवस दोन-दोन गोळ्या घेतल्या. मग मुलीला अभिमानाने सांगितलं. ती फोनवर इतकी ओरडली की शेजारच्या पानठेल्यावरच्या पोरांनी वळून पाहिलं.

मॅडमना फोन लावला. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांचं म्हणणं असं. वजनाचा हिशोब हा सुरुवातीचा अंदाज, खरी मात्रा टीएसएच पाहून ठरते. चाळिशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षं सुस्त पडलेल्या माणसाला एकदम पूर्ण मात्रा दिली तर हृदयावर ताण येतो. मात्रा कायमची जास्त राहिली तर धडधड, ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं. आणि घाईचा काही उपयोग नाही, कारण या औषधाचं अर्ध-आयुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण सात दिवस आहे. रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधी तपासणी केली तरी तो आकडा कच्चा.

अर्ध-आयुष्य हा शब्द मला माहीत होता, कीटकनाशकांच्या माहितीपत्रकात असतो. तो माझ्याही रक्तात लागू होतो हे सुचलं नाही. फवारलं की दुसऱ्या दिवशी अळी मेली का पाहायची, ही आमच्या धंद्याची खोड.

गोळी परत एक.

7 जुलै
वजन 89.0 (चार पाकिटं कमी)

पहिला बदल मला नाही, गिऱ्हाइकाला कळला. एका काकांचा फोन आला. "भाऊ, मागच्या टायमाले तुमचा आवाज लय घोगरा येत होता, दुसरंच कोणी बोलून राहिलं असं वाटे. आता बरोबर येऊन राहिला." मला वाटत होतं तंबाखूमुळे असेल. तंबाखू सोडून सहा वर्षं झाली तरी मी तिलाच दोष देत होतो.

सकाळी डोळ्याखाली सूज कमी. पोट एक दिवसाआड साफ होतं, आधी चार दिवसांनी व्हायचं. पोटऱ्यात गोळे येणं चालूच आहे.

24 जुलै, बुधवार
वजन 88.4

टीएसएच 17.8. अर्ध्याहून खाली. मात्रा 75 केली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मे महिन्यात 178 होतं, त्यावर मॅडमनी गोळी मुद्दाम दिली नव्हती. थायरॉइड सुस्त असला की एलडीएल आपोआप चढतं, आधी मूळ दुरुस्त करू, म्हणाल्या. मला हे आवडलं. आमच्याकडे पान पिवळं दिसलं की शेतकरी तीन दवाया एकदम मागतो, आणि दुकानदार देतो. मीही दिल्या आहेत.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या.

18 ऑगस्ट
वजन 88.6

गावात कळलं. पाऊस बंद होता, ओट्यावर सात-आठ जण बसलेले, त्यांना विषय पाहिजेच होता.

"थायरॉइड? थे तं बायकायले होते नं भाऊ!"

बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो हे खरं आहे. पण ग्रंथी पुरुषालाही असते. सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या लक्षात आलं की वर्षभर सलाईन लावत बसलो त्याचं एक कारण हेच. अशक्तपणा म्हटलं की मान राहतो.

सल्ले दोन मिळाले. पहिला, आयोडीनचं मीठ सोडून सैंधव खा. हा उलटाच निघाला. आपल्या देशात गलगंडासाठी सरकारी कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, आणि मिठात आयोडीन घालतात ते ग्रंथीला कच्चा माल मिळावा म्हणून. सैंधवात ते मुद्दाम घातलेलं नसतं. माझा आजार आयोडीन कमी पडून झालेला नाही, त्यामुळे जास्त खाऊनही उपयोग नाही आणि सोडूनही नाही. घरात साधं पाकिटाचं मीठच राहील.

दुसरा सल्ला, सोयाबीन वर्ज्य. हे ऐकून दुकानातल्या बियाण्याच्या रिकाम्या बॅगा माझ्याकडे पाहून हसल्यासारख्या वाटल्या. मॅडम म्हणाल्या, सोयाबीनने थायरॉइड बिघडत नाही, फक्त गोळीच्या वेळेला पोटात नको, ते गोळी शोषू देत नाही. कोबीचंही तसंच. शिजवून रोजच्या जेवणात खाल्ली तर काही होत नाही. चला, सोयाबीनच्या वड्यांची भाजी वाचली. तशी ती मला आवडत नाही, पण वर्ज्य म्हटलं की आवडायला लागते.

3 सप्टेंबर
वजन 89.1. काल पोळा, आज तान्हा पोळा. पुरणपोळ्या मोजल्या नाहीत. पित्त उसळलं, म्हणून पॅन्टोप्रॅझोल रोज सकाळी चालू आहे.

22 सप्टेंबर
वजन 89.6

परवाचा रिपोर्ट: टीएसएच 19.4. मात्रा वाढवली आणि आकडाही वाढला! दोन महिने एकही गोळी चुकली नव्हती. दुकानात कोणाशी बोललो नाही. घरी आल्यावर वही फेकून दिली, ती घरच्या मंडळींनी उचलून देवाजवळ ठेवली. तिथे तिचं काय काम ते त्यांनाच माहीत.

आज मॅडमनी लगेच मात्रा वाढवली नाही. अर्धा तास चौकशी केली, जणू पीक पाहायला शेतात आल्या. गोळी किती वाजता? साडेपाचला. बरोबर काय? पाणी. आणि? पित्ताची गोळी. अजून? कॅल्शियमची. त्यांनी पेन खाली ठेवलं.

कॅल्शियम पोटात गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळीचंही तेच. दोन्हींपासून चार तासांचं अंतर लागतं. पॅन्टोप्रॅझोलने पोटातलं आम्ल कमी होतं, आणि गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. म्हणजे मी शिस्तीत, वेळेवर, रोज एका मुठीत तिन्ही गोळ्या घेत होतो. उपाशीपोटी घ्यायच्या असतात ना सगळ्या, अशी माझी समजूत.

मी स्वतः रोज दहा जणांना सांगतो की बाबा, ही दोन औषधं एका पंपात मिसळू नको, फाटतील, तळाला बसतील. त्यांच्यापैकी कोणी आज तिथे नव्हतं हे बरं.

शेवटचा प्रश्न, बाटली कुठे ठेवता? दुकानात, गल्ल्याशेजारी. वर टिनाचं छत. मे महिन्यापासून तिथेच. बाटलीवर लिहिलंय ऊन, उष्णता, ओल यांपासून दूर ठेवा म्हणून. माझ्या दुकानात रायझोबियमची पाकिटं आतल्या थंड खोलीत असतात, कारण उन्हात ठेवली तर जिवाणू मरतात आणि शेतकरी येऊन भांडतो. स्वतःच्या गोळ्यांसाठी भांडायला कोणी येत नाही.

नवीन बाटली. मात्रा 75 च. कॅल्शियम खरंच लागतं का ते नंतर पाहू, तूर्त बंद. पित्ताची गोळी बंद, त्याऐवजी रात्री आठच्या आत जेवण.

25 सप्टेंबर
बाटलीची जागा ठरली. जुन्या घराची मातीच्या भिंतींची खोली, तिच्यातला कोनाडा. स्वयंपाकघर नको, वाफ असते. माठाशेजारी नको, ओल. गोळ्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत, मूळ बाटलीतच.

वेळ पहाटे पाच. तेव्हा घरची उठून अंगण झाडते, झाडूचा आवाज हाच माझा गजर. चहा सहाला.

एक खंत आहे. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे दोष कॅल्शियमचा, पित्ताच्या गोळीचा की टिनाचा, हे कधीच कळणार नाही. प्रात्यक्षिक प्लॉटवर असं केलं असतं तर कृषी सहायकाने वही परत केली असती. पण हा प्लॉट एकच आहे, शेजारी तुलनेला दुसरा नाही.

20 ऑक्टोबर
वजन 88.9. सोयाबीन निघालं. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, बाजारात त्याच्या खाली. उधारी वसूल होत नाही. झोप नीट नाही, पण हे थायरॉइडच्या खात्यात टाकत नाही.

17 नोव्हेंबर
वजन 88.7

टीएसएच 5.9! तीच मात्रा, फक्त एकटी आणि रिकाम्या पोटात. मॅडम म्हणाल्या, 75 कायम ठेवू, अजून उतरेल.

मी विचारलं, मग वजन का उतरत नाही? गोळी लागू पडली ना? त्यांनी जे सांगितलं ते मी वर्षभर कोणाकडून ऐकलं नव्हतं. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो, त्यातही बराच भाग मीठ आणि पाणी. ते तुमचं जुलैपर्यंत निघून गेलंय. बाकीचं थायरॉइडचं नाही.

परतताना बसमध्ये वही उघडून पाहिली. 91.0 वरून 88.4. अगदी तेवढंच. बाकीचं कुणाचं ते विचारायला नको होतं, बाजूच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीतून गरम आलूबोंड्याचा वास येत होता.

घरी येऊन एक काम केलं. बीजप्रक्रियेचं औषध मोजायचा छोटा काटा आहे, त्यावर एका कपातली साखर मोजली. 9 ग्रॅम. दिवसभर गिऱ्हाइकाबरोबर किती कप होतात ते दुकानातल्या पोराला खडूने लिहायला लावलं होतं, 11 कप. म्हणजे 99 ग्रॅम. महिन्याला जवळपास तीन किलो साखर, नुसती चहातून. माझ्या किराण्याच्या यादीत इतकी साखर नाही, कारण ती हॉटेलवाल्याच्या उधारीत आहे.

त्यात चौकातले तर्री पोहे रोज. आणि दिवसभर खुर्ची.

8 डिसेंबर
वजन 87.9

उपप्रकल्प. चहा तीन कप, तेही अर्ध्या साखरेचे. गिऱ्हाइकाबरोबर कप हातात धरतो, पीत नाही, निम्म्यांना कळत नाही. पोहे फक्त बाजाराच्या दिवशी. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकर दीड, वांग्याचं भरीत किंवा तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. वावरात गाडीने जायचो, दोन किलोमीटर. आता पायी. पहिल्या दिवशी रस्त्यात तीन जणांनी गाडी थांबवून विचारलं, "काय भाऊ, पेट्रोल संपलं का?"

उपाशी राहण्याचा प्रयोग केला नाही. पुतण्याने सुचवला होता, "फक्त फळांवर राहा." त्याच्यासारखी पंचविशी असती तर कदाचित.

19 जानेवारी 2025
वजन 86.2 (दहा पाकिटं)

टीएसएच 3.2. एलडीएल 131. कोलेस्टेरॉलच्या गोळीची अजून गरज नाही. आता सहा महिन्यांनी तपासणी. मॅडमनी आणखी एक सांगितलं. रक्त दर वेळी साधारण एकाच वेळेला, सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. टीएसएच दिवसभर वरखाली होतं, पहाटे जास्त असतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या कोणी घेत असेल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद, त्याने काही यंत्रांत आकडा खोटा येतो. हे ऐकून घरच्या मंडळींनी कपाटातली एक बाटली हळूच मागे सरकवली.

लक्षणांचा हिशोब. आवाज पूर्वीसारखा. पोटऱ्यातले गोळे महिन्यातून एखादे. पोट रोज साफ. नाडी 68. कातडी अजून कोरडी, पण विदर्भातल्या जानेवारीत कोणाची नसते? थंडी वाजते ती सगळ्यांना वाजते तेवढीच, आणि यातही मला आनंद झाला. काल वावरात हुरडा भाजला. सगळ्यांबरोबर शेकोटीपाशी बसलो, आणि सगळ्यांबरोबरच उठलो.

दुपारी चारला डोळे मिटतात ते अजून मिटतात. मॅडम म्हणाल्या, घोरता का? घरची एकदम म्हणाली, "विचारू नका." ते खातं वेगळं उघडावं लागणार.

मुलीने एक गोष्ट सांगितली. 1891 मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं, ती पुढे 28 वर्षं जगली. मी म्हटलं, आपल्याकडे मटणात ती गळ्याची गाठ कोणाच्या ताटात जाते? पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गोळीच घ्या."

2 मार्च
वजन 85.1

गावात आता मी थायरॉइडवाला झालो आहे. एक शेतमजूर बाई लेकीचा रिपोर्ट घेऊन आली. लेक माहेरी आलेली, तिसरा महिना, आधीपासून गोळी चालू. "भाऊ, दवाईचा डोस तुमीच सांगा नं, तुमाले समजते." मी दवाई विकतो ती पिकाची. पण एवढं माहीत होतं की गर्भारपणात गोळीची गरज बहुतेक वेळा वाढते, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी पहिले महिने महत्त्वाचे. महिनाभर थांबण्याचं हे काम नाही. आशाताईंना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी लेकीला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे मात्रा वाढवून मिळाली. तिला निघताना लोहाच्या गोळ्याही दिल्या होत्या. चार तासांचं अंतर ठेवायचं एवढं मात्र मी सांगितलं. माझ्या चुकीचा एवढा तरी उपयोग.

30 मार्च, गुढीपाडवा
वजन 84.8

ऊन सुरू झालं. दुपारी गल्ल्याजवळ तापमापक ठेवला, 41. कोनाड्यात 31. बाटली तिथेच राहील. मेमध्ये खोलीही तापली तर काय करायचं ते मॅडमना विचारायचं आहे.

कडुनिंबाची पानं पहाटे पाचला कोणी देऊ नये, असं घरात जाहीर केलं. सहानंतर.

आज दुकान बंद, म्हणून नवं खातं सुरू करण्याआधी काटा पुन्हा तपासला. युरियाची नवी गोणी ठेवली. 45.4. दुसरी ठेवली. 90.8. मागच्या मेमध्ये अशाच दोन गोण्या 90.2 होत्या. म्हणजे काटा सहाशे ग्रॅम पुढे पळतो, आणि कधीपासून ते ठाऊक नाही. माझे 84.8 कदाचित 84.2 असतील. एक पाकीट जास्त कमी झालं असेल, किंवा डिसेंबरचा आकडा चुकला असेल. सगळ्या रकान्यांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्हं टाकली.

उद्या काटा पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीला, द्यायचा. खरिपाच्या आधी तसाही द्यावाच लागतो.